खोटा फळा

प्राथमिक शाळेतल्या बाईला हसण्याचे प्रकार ओळखता आले पाहिजेत. खोडी काढून तोंडावर हात धरून हसतात ते वेगळं, दुसऱ्याला ओरडा बसल्यावर फुटतं ते वेगळं, आणि साहेबांनी विनोद केल्यावर आम्ही शिक्षक हसतो ते तर फारच वेगळं. माझी सगळी नोकरी महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत झाली. डी.एड.ला जे शिकले त्यातलं बरंचसं पहिल्याच पावसाळ्यात वाहून गेलं, पण हसण्याचा हा अभ्यास शेवटपर्यंत कामी आला. एका पोरीच्या बाबतीत तर त्यानेच मला वाट दाखवली.

आमच्या कामाबद्दल बाहेरच्यांची समजूत मोठी मजेशीर असते. पहिली ते चौथी म्हणजे काय, क-का-कि-की म्हणून घ्यायचं, खिचडी वाढायची आणि मे महिन्यात लोळायचं. माझ्या पुण्याच्या नणंदेला अजून असंच वाटतं. द्विशिक्षकी शाळा म्हणजे काय ते तिला एकदा समजावून सांगितलं होतं. चार इयत्ता, दोन खोल्या, दोन शिक्षक. त्यातला एक मीटिंगला, नाहीतर कसल्यातरी सर्वेक्षणाला गेलेला. उरलेल्याने चारही वर्ग एका खोलीत घ्यायचे. तिसरीला हातच्याची वजाबाकी समजावताना चौथी रिकामी राहता कामा नये, दुसरीने भांडता कामा नये आणि पहिलीने खडू खाता कामा नये. वर खिचडीचा फोटो, हात धुतल्याचा फोटो आणि झाड लावल्याचा फोटो त्याच दिवशी मोबाइलवरून पाठवायचा. ऐकून नणंद म्हणाली, "म्हणजे बसून काम नाही, एवढंच ना?" मी विषय बदलला.

शेवटची काही वर्षं मी रायगडाच्या पायथ्याच्या एका वाडीवर होते. वाडीचं नाव सांगत नाही, कारण तिथली पोरं आता मोबाइल बाळगून आहेत आणि त्यांच्या तावडीतून मी सुटणार नाही. माझ्या जोडीला काझी सर. मूळचे तुडीलचे, राहायला महाडात. माणूस उंचापुरा, आवाज खणखणीत, आणि रोज मोटारसायकलवरून येताना डिकीत कोणाच्या तरी घरच्यासाठी औषध नाहीतर इस्त्रीचे कपडे. शाळेत रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर मिळायची, त्यामुळे फोटो पाठवायला सर टाकीवर चढायचे. पालकांना वाटायचं, सर टाकी फार स्वच्छ ठेवतात.

वाडीतली निम्मी घरं गडावर जगणारी. कोणी गाईड, कोणाचा ताक-सरबताचा स्टॉल, कोणी हिरकणीवाडीला रोपवेवर कामाला. आता गाईडच्या घरातलं पोर कसं वाढतं ते सांगते. त्याला चालता यायच्या आधीपासून गडाची माहिती कानावर पडते. बाप रोज तेच सांगतो, त्याच चालीत, त्याच जागी थांबून. तिसरीतलं पोर "तर मंडळी, आपण आता उभे आहोत" म्हणून सुरू झालं की नगारखान्यापासून टकमक टोकापर्यंत एका दमात जाऊन येतं. एरवी घरात "नाय" आणि "हाय" बोलणारी ही पोरं गड सांगायला लागली की पुस्तकातली भाषा बोलायची. एकदा ऐकलं की पाठ. अशी तयार कानांची मुलं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत.

त्यामुळे आमची शाळा वाचनासाठी नावाजलेली होती. कोणीही साहेब आले की चौथीतल्या तन्वीला उभं करायचं, हा ती तिसरीत असल्यापासूनचा रिवाज. तन्वीचे वडील बाळाराम गाईड हे शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि आई सुरेखाचा पायऱ्यांपाशी ताकाचा स्टॉल. तन्वी पुस्तक हातात धरायची, मान ताठ करायची आणि असा धडा वाचायची की साहेब चहा विसरायचे. स्वल्पविरामाला थांबा, प्रश्नचिन्हाला आवाज वर. बाळाराम दारात उभे राहून मिशीवरून बोट फिरवायचे. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात, इथे तर सगळी बागच विकली जात होती.

पायथ्याशी पावसाळ्यात सगळं ओलं असतं. भिंती, दप्तरं, खडू, पुस्तकं. पानांना बुरशी येते आणि ती एकमेकांना चिकटतात. अशाच एका श्रावणातल्या दिवशी तन्वी धडा वाचत होती आणि मी तिच्या मागे उभी राहून सवयीने पुस्तकात बघत होते. पान संपलं, तिने उलटलं, आणि पुढे वाचत राहिली. छान वाचत राहिली. माझ्या लक्षात आलं की मधली दोन पानं चिकटून एकच झाली होती. तिच्या डोळ्यांपुढे धड्याचा शेवट होता आणि ती मधला, बंद पानांच्या आतला मजकूर वाचत होती. एकही शब्द न चुकता.

मी तिला धडा संपवू दिला. खिचडीच्या सुट्टीत तिला जवळ बोलावून पाटीवर "सुरेखाचं ताक आंबट आहे" एवढंच लिहिलं आणि विचारलं, काय लिहिलंय? तिने पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, तुमीच वाचून दावा ना एकदा." एकदा ऐकलं की झालं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अक्षरं तिला येत होती, सुटी सुटी. ती जोडून शब्द करायची वेळच तिच्यावर आली नव्हती. पहिलीचं वर्ष कोरोनात शाळा बंद असताना गेलं, बापाच्या मोबाइलवर धडे ऐकत. दुसरीतही निम्मं तसंच. ऐकून सगळं जमतंय तर वाचायचं कशाला, असं तिच्या कानांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मग मी बाकीच्यांनाही असंच एकेक करून तपासलं, तेव्हा आणखी तीन-चार जण तिच्याच पंगतीतले निघाले. त्यांची मला तितकी काळजी वाटली नाही, कारण ते कमी पडतात हे त्यांना माहीत होतं. तन्वी शाळेची शान होती. एप्रिलनंतर ती पाचवीला मोठ्या शाळेत जाणार, नवी पुस्तकं जाडजूड, मोठ्याने वाचून दाखवणारं कोणी नाही. दिवाळीपर्यंत ती मागच्या बाकावर गेली असती आणि सहावी-सातवीत स्टॉलवर. अशा हुशार पोरी मी स्टॉलवर पाहिल्यात. फार वाईट वाटतं.

काझी सरांना सांगितलं तर ते आधी हसले आणि मग गंभीर झाले. म्हणाले, "बाई, हिला नवीन काहीही द्या, दुसऱ्यांदा ती पाठच म्हणणार. हिला वाचायला लावायचं तर तिला जे येतं त्यातच खोट घालायला पाहिजे."

सर सहज बोलून गेले, पण मला तेच पटलं. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर गडाचीच माहिती लिहिली. बाजारपेठेचं प्रत्येक गाईडच्या तोंडचं वाक्य: बाजारपेठेतले ओटे उंच आहेत, कारण लोक घोड्यावर बसून खरेदी करत. फक्त मी घोड्यावरच्या जागी "म्हशीवर बसून" असं लिहिलं आणि गप्प उभी राहिले. ज्यांना वाचता येत होतं ती मुलं म्हशीपाशी पोचली आणि फिसकन हसली. ज्यांना येत नव्हतं ती शांतपणे "घोड्यावर बसून खरेदी करत" म्हणून मोकळी झाली.

इतकी सोपी परीक्षा मला सगळ्या नोकरीत सापडली नव्हती. ना पेपर, ना गुण. हसला तो वाचतो. आमच्या शाळेत रोज सकाळी खोटा फळा सुरू झाला. गंगासागर तलावात ताक भरलेलं असे. तोफेत भाकऱ्या ठासत. नियम एकच, महाराजांच्या नावाला आणि सिंहासनाला हात लावायचा नाही. तो मुलांनीच घातला आणि कोणी कधी मोडला नाही. पोरं घंटेच्या आधी येऊन फळ्यापुढे बसायला लागली. ती तीन-चार कच्ची पोरंही दिवाळीपर्यंत हसायला लागली, कारण बाकीचे हसतात आणि आपल्याला कारण कळत नाही हे कुठल्याच पोराला सहन होत नाही.

तन्वीही हसायची. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसायची, पण किंचित उशिरा. आधी शेजारणीचं तोंड हलायचं, मग तन्वीचं. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. नोव्हेंबरात एकदा शेजारची मुलगी आजारी होती, म्हणून तन्वी पलीकडच्या पोराच्या तोंडाकडे बघत होती आणि त्याला शिंक आली. शिंकेने त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तन्वी खळखळून हसली. त्या दिवशी फळ्यावर मी अजून खोटं लिहिलंच नव्हतं. अख्खा वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. आपलं बिंग फुटलं हे तिला कळलं, आणि ते बाईंनाही कळलंय हेही तिला कळलं.

दुसऱ्या दिवसापासून तन्वी शाळेत आली नाही. दिवाळीनंतर गडावर गर्दी असते, स्टॉलवर हात हवा असतो, असा निरोप आला. मी चार दिवस वाट बघितली आणि शनिवारी शाळा सुटल्यावर पायऱ्यांकडे गेले.

सुरेखाने न विचारता ताक हातात दिलं. ते आंबट नव्हतं, हे इथे नमूद करते. तन्वी मागे भांडी विसळत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. बाळाराम एका ग्रुपला गडावरून उतरवून नुकतेच टेकले होते. मला आल्याचं कारण सांगायचं होतं आणि खरं कारण तर सांगायचं नव्हतं. बापासमोर पोरीची लाज काढली असती तर ती पुन्हा शाळेत आली नसती. म्हणून मी बाळारामांना म्हटलं, की फळ्यावर लिहायला मला गडाची माहिती कमी पडते. मी पोलादपूरची, माझा गड तुमच्याएवढा पाठ नाही. तुमच्या तन्वीला सगळा येतो. ती घंटेच्या आधी येऊन मला मदत करेल का? मी खरं लिहीन, खोटं कुठे घालायचं ते तिने ठरवावं.

बाळाराम खूश झाले. "ऐकलंस काय गो? बाईंना गड सांगायला मानूस पायजे. जा की मग. ताक काय, तुझी आय इकते."

तन्वीने पहिल्यांदा वर बघितलं. मी हळूच म्हटलं, "फळ्यापुढे आपण दोघीच असू."

सोमवारी ती आली. मी फळ्यावर पाच ओळी लिहिल्या, तिच्याच तोंडच्या, आणि डस्टर तिच्या हातात दिलं. मी विचारलं, आज काय खोटं करायचं? ती म्हणाली, हत्ती तलावात हत्ती आंघोळ करायचे ना, तर हत्तीच्या जागी काझी सर करू. मी म्हटलं, फक्कड. पूस हत्ती.

आता खरी गंमत इथेच होती. हत्ती पुसायचा तर आधी तो कुठे आहे ते सापडायला हवं. ती फळ्याजवळ गेली, खूप वेळ उभी राहिली आणि आत्मविश्वासाने "तलावात" पुसून टाकलं. मी त्याच जागी "काझी सर" लिहिलं आणि ते वाक्य आहे तसं वाचून दाखवलं: हत्ती काझी सर हत्ती आंघोळ करायचे. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि हसत सुटली. मीही हसले. तेवढ्यात सर आले आणि त्यांनी फळा वाचला. मग टाकीकडे बघून म्हणाले, "त्यापेक्षा मी टाकीवरच बरा."

त्यानंतर तीन महिने आमचं हेच चालू होतं. तिला एक शब्द शोधायला सगळी ओळ धुंडाळावी लागायची. बोट ठेवून, ओठ हलवून, कधी चिडून, कधी डस्टर आपटून. एकदा वैतागून म्हणाली, "बाई, बोलायला सोपं असतं, लिवलं की तेच अवगड कसं व्हतं?" पण जानेवारीत ती नवा शब्द स्वतः लिहायला लागली आणि फेब्रुवारीत तिने घातलेलं खोटं मला दोनदा वाचल्याशिवाय सापडेना. वर्गाला ती अर्थातच सांगायची नाही. सगळे हसायला लागले की ती हाताची घडी घालून, मोठ्या माणसासारखी, गप्प बसायची.

मार्चमध्ये नवे केंद्रप्रमुख आले. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांवर लक्ष ठेवणारे आमचे जवळचे साहेब. अध्यक्ष म्हणून बाळाराम इस्त्रीचा शर्ट घालून हजर. साहेबांच्या कानावर तन्वीची कीर्ती गेलेली होती. त्यांनी पुस्तक मागितलं. मी म्हटलं, साहेब, पुस्तकातलं नको. तिने न पाहिलेलं काहीही द्या. काझी सरांनी मागून माझ्याकडे असं बघितलं की आता बाई निवृत्तीच्या तोंडावर काय करून बसतात.

साहेबांनी पिशवी चाचपली. महाड स्टँडवर घेतलेल्या वड्यांचा कागद त्यात होता, वर्तमानपत्राचा तेलकट तुकडा. तोच त्यांनी हसत पुढे केला.

तन्वीने कागद धरला आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. मान ताठ नाही, आवाजात चढउतार नाही. "गा... गावा... गावात," असं सुरू झालं. एका शब्दावर थांबायची, मागे जायची, पुन्हा पुढे. साहेबांची भुवई वर गेली. बाळारामांचा चेहरा पडला. ते माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "बाई, ह्या पोरीला काय झालं? आदी तर धडाधड बोलायची." मी त्यांचा हात धरून त्यांना गप्प केलं. एवढं अडखळणारं वाचन मी आयुष्यात इतकं जीव लावून ऐकलं नव्हतं.

"म्है... म्हैस. च... ढली. म्हैस चढली, गच... गच्ची..." तिथे ती थांबली. बोट मागे नेलं, पुन्हा सगळं मनात वाचलं आणि एकटीच हसायला लागली. वर्गात कोणी हसलेलं नव्हतं. कोणाला कागद दिसतच नव्हता. ती माझ्याकडे वळली.

"बाई, ह्ये खोटं हाय. म्हैस गच्चीवर कशी चढंल? ह्ये तुमीच लिवलंय काय?"

साहेबांना काही कळेना. त्यांनी कागद घेऊन बघितला. बातमी खरीच होती, कुठल्याशा गावात एक म्हैस जिन्याने ग्रामपंचायतीच्या गच्चीवर गेली होती आणि उतरायला तयार नव्हती. साहेब म्हणाले, "खरं आहे बाळ, छापून आलंय." तन्वीला ते पटलं नाही. छापलं म्हणून काय झालं, असा तिचा चेहरा होता. काझी सर खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत होते. मला मात्र रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, "वाचनाचा वेग कमी. सराव आवश्यक." मी खाली आनंदाने सही केली. शाळेची वाचनातली कीर्ती त्या दिवशी संपली आणि मी काझी सरांना मोटारसायकलवरून पाचाडला पेढे आणायला पिटाळलं.

साहेब गेल्यावर पोरं खिचडीला बसली. बाळाराम मात्र ओट्यावरच होते. मी त्यांना श्रावणापासूनचं सगळं सांगितलं, चिकटलेली पानं, खोटा फळा, सगळं. ते खाली बघत ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी तन्वीला हाक मारली, आत टेबलावर राहिलेला तेलकट कागद आणून तिच्या हातात दिला आणि तिला शेजारी बसवलं.

"त्या म्हशीचं पुडं काय झालं, वाच गो," ते म्हणाले. "सावकाश वाच. मला घाई नाय."